दादाने लावलेली धार

माझ्या थोरल्या भावाकडे एकशे सात चाकू आहेत आणि त्यांतल्या एकानेही आजवर साधा कांदा चिरलेला नाही. सगळे घडीचे, खिशात मावणारे, कार्बन पोलादाचे. कार्बन पोलाद म्हणजे जुन्या पद्धतीचं, पाणी लागलं की गंजणारं. जे पोलाद गंजत नाही त्याचं नाव काढलं की दादा असं नाक मुरडतो की जणू कुणी त्याच्या ताटात केस टाकला. "स्टेनलेस म्हणजे नुसती चकाकी, ताई," असं तो मला शंभरदा सांगून चुकलाय. मी त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे, पण घरात सगळे मला ताईच म्हणतात आणि तोही म्हणतो.

नोकरी म्हणाल तर पाणीपुरवठा खात्यात, मीटरच्या तक्रारी लिहून घ्यायची. सकाळी दहा ते पाच लोक येऊन त्याच्यावर तोंडसुख घेतात आणि हा मान खाली घालून फॉर्म भरतो. तिथे त्याला 'चाकूसाहेब' म्हणतात. तो समजतो की मानाने म्हणतात. मी एकदा बिलाच्या कामासाठी तिथे गेले होते, तेव्हा शिपायाने ज्या सुरात ते नाव उच्चारलं ते ऐकून मला बहीण म्हणून ओळख सांगायची लाज वाटली.

आमचं घर दोन मजली आहे. खाली अण्णा आणि मी, वर दादा आणि वहिनी. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी लग्न केलं नाही, खालच्या पुढच्या खोलीत माझं शिवणकाम चालतं. वरच्या मजल्यावर, जिथे वहिनीला जेवणाचं टेबल हवं होतं, तिथे दादाचं काचेचं कपाट आहे. त्यात हिरव्या कापडावर चाकू ओळीने निजलेले असतात, प्रत्येकाच्या पायथ्याशी चिठ्ठी. चामड्याच्या म्यानात ठेवत नाही, कारण चामडं ओल धरतं. सांध्यात घालायचं तेल तो माझ्या शिलाई मशीनच्या बाटलीतून नेतो आणि वर जाऊन आपल्यासारख्याच चाकूवेड्या मंडळींना सांगतो की हे खास हलकं तेल आहे.

चाकू उघडताना पांढरे हातमोजे घालतो. पार्सल आलं की ते फोडायला मात्र खाली माझी कात्री मागायला येतो. "एवढे चाकू आहेत ना वर?" असं विचारलं तर म्हणतो, "अगं, चिकटपट्टीचा गोंद पात्याला लागतो." वहिनी बिचारी बोथट स्टेनलेसच्या सुरीने टोमॅटो चिरडत असते आणि दोन हातांवर कपाटात एकशे सात पाती अशी धारदार की कागद हवेत धरून कापावा. त्याचा डावा हात कोपरापर्यंत गुळगुळीत आहे. धार कशी आलीय हे दाखवायला तो पाहुण्यांसमोर स्वतःचे केस भादरतो. ऑफिसात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो म्हणून बरं, नाहीतर लोकांना वाटायचं याला कसला तरी त्वचारोग झालाय.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे रंगाचा प्रकार. कार्बन पोलादाचं पातं रोज वापरलं की फळांच्या रसाने, हाताच्या घामाने हळूहळू काळपट निळसर होतं. हा रंग गंजाला अडवतो आणि या शौकिनांच्या लेखी त्याला फार मान आहे, कारण तो वर्षानुवर्षांच्या कामाने येतो. दादाने काय करावं? कोरे चाकू विकत आणून त्यांची पाती टोमॅटोत खुपसून ठेवतो, नाहीतर सिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, बुडवतो. दोन दिवसांत पातं असं दिसतं की जणू कुणा माळ्याने तीस वर्षं वापरलंय. आठवडाभर स्वयंपाकघराला सिरक्याचा वास येतो आणि वहिनी खिडक्या उघडत फिरते. काम न करता कामाचा रंग. माझ्या भावाची सगळी ओळख या पाच शब्दांत झाली, पण गोष्ट सांगायची तर पुढे जायला हवं.

अण्णा एका रोपवाटिकेत एक्केचाळीस वर्षं फळझाडांची कलमं बांधत होते. त्यांच्याकडे एकच चाकू. लाकडी मूठ, घामाने काळी झालेली. पातं झिजून झिजून निम्मं राहिलेलं, रंगाने पाटीसारखं. कलमाचं काम वरून सोपं दिसतं. खाली रानटी झाडाचा खुंट असतो, त्याला तिरपा काप द्यायचा. चांगल्या जातीच्या झाडाची काडी घ्यायची, तिलाही तसाच काप द्यायचा. मग काप कापावर टेकवून पट्टीने आवळायचं. दोन्ही काप काचेसारखे सपाट असले तर साल सालीला भेटते आणि काडी जगते. मधे केसाएवढी फट राहिली तर ती आतून वाळते आणि ते कळायला तीन आठवडे लागतात. अण्णांच्या तीनशे कलमांत वीसएक मरायची. बाकीच्यांची शंभर मरायची. म्हणून मालक त्यांना सत्तरीतही हंगामाला गाडी पाठवून बोलवायचे.

बापाच्या या चाकूत दादाला कधी रस वाटला नाही. "ते कामाचं हत्यार आहे, संग्रहाचं नाही," असं म्हणायचा. कामाचा रंग विकत घेतलेल्या सिरक्यातून काढणाऱ्याला खऱ्या रंगाचं पातं खालच्या मजल्यावर दिसत नव्हतं.

दोन वर्षांमागे अण्णांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनची तारीख अर्धा हंगाम उलटल्यावरची मिळाली. धार ते नेहमी स्वतःच लावायचे, पण त्या वर्षी दगडावर पातं कसं टेकलंय ते त्यांना दिसेना. मला म्हणाले, "ताई, बाजारात तो कात्रीवाला आहे ना तुझा, त्याच्याकडे नेशील का?"

दादा जिन्यातून उतरत होता. त्याच्या कानावर गेलं आणि तो दुखावला.

"मी घरात असताना चाकू बाहेर जाणार?" तो म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

"तुला वेळ असेल तर बघ बाबा," अण्णा म्हणाले.

त्यांचा चेहरा तेव्हा असा खुलला की मीही कात्रीवाल्याचा विषय सोडला. पन्नाशी उलटलेल्या मुलाने बापाच्या कामाला पहिल्यांदा हात लावला होता.

दादाने चाकू आठ दिवस ठेवून घेतला. चार प्रकारचे दगड, मग चामड्याचा पट्टा, मग कसली तरी हिरवी पेस्ट. एक्केचाळीस वर्षांचा काळा रंग त्याने घासून घासून उतरवला, कारण त्याखाली म्हणे पोलादाचा 'मूळ स्वभाव' होता. रविवारी त्याची मंडळी जमली. त्याच्यासारखेच पाचसहा जण आहेत, दर रविवारी एकमेकांचे चाकू उघडतात, मिटतात आणि चहा पितात. त्यांच्यासमोर त्याने तो चाकू मखमलीत गुंडाळून अण्णांना दिला. अण्णांनी अंगठ्याने धार चाचपली आणि म्हणाले, "अरे, इतकी धार तर मलाही कधी आली नव्हती." दादाने डाव्या हाताचे उरलेसुरले केस भादरून दाखवले. टाळ्या पडल्या. मंगळवारपासून अण्णा कामाला गेले आणि तिथे ज्याला त्याला सांगत सुटले की धार लेकाने लावलीय.

तिसऱ्याच दिवशी घरी आल्यावर त्यांनी माझ्यासमोर उजवा हात पसरला.

"बघ गं, थरथरतो का?"

मी बघितलं. हात दगडासारखा स्थिर होता. "नाही, अण्णा."

"मग आतून थरथरत असेल. काप सरळ उतरत नाहीये. पातं मधेच वर येतं."

"धार कमी पडत असेल."

"छे, धार तर अशी आहे की विचारू नकोस," ते म्हणाले. "हातच गेला माझा."

महिन्याभराने हिशेब समोर आला. तीनशे कलमांपैकी दोनशे साठ काड्या वाळून गेल्या होत्या. मालक भला माणूस. रागावला नाही, फक्त म्हणाला की अण्णा, डोळ्याचं होईपर्यंत तुम्ही पिशव्यांत माती भरण्यावर लक्ष ठेवा. अण्णा दोन दिवस माती भरणाऱ्यांजवळ खुर्ची टाकून बसले आणि तिसऱ्या दिवशी गेले नाहीत. चाकू त्यांनी दादाला दिला. "माझ्या हातात आता तो शोभत नाही. तुझ्या कपाटात ठेव," म्हणाले. दादाने ठेवला. चिठ्ठीही लावली.

त्यानंतर अण्णांचं जेवण निम्म्यावर आलं. डोळ्याचं ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, पण ते दिवसभर पलंगावर बसून डाव्या हाताने उजवा हात दाबत राहायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "काही नाही, सवय." चहाचा कपसुद्धा दोन हातांनी धरायला लागले. हात काहीच बिघडलेला नव्हता आणि माणूस त्याला लुळा समजून वागत होता. ते बघणं मला सोसत नव्हतं.

मग एका सोमवारी वर रंगकाम निघालं. दादा ऑफिसात होता. वहिनीने मला कपाट रिकामं करायला बोलावलं आणि एकेक चाकू टोपलीत ठेवताना अण्णांचा माझ्या हाती आला. मी तो उघडला आणि सवयीप्रमाणे पातं डोळ्यांसमोर आडवं धरलं. कापड कापणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. कात्रीच्या पात्याची आतली बाजू सपाट असते, धार बाहेरून एकाच अंगाने येते. आतल्या बाजूला कुणी दगड लावला की कात्री कापड कापत नाही, चावते. माझी एक चांगली कात्री अशीच एका नवशिक्याने घालवली होती. अण्णांच्या पात्याच्या डाव्या अंगाला, जिथे ते लाकडावर सपाट टेकायला हवं, तिथे धारेला लागून एक बारीक चकचकीत पट्टी होती. उजव्या अंगालाही तेवढीच. दादाने आपल्या बाकीच्या एकशे सहा चाकूंना लावतो तशी दोन्ही अंगांनी धार लावली होती, अगदी मापात. असल्या पात्याने जगातल्या कुणाच्याही हातून सरळ काप उतरला नसता.

संध्याकाळी तो आला तेव्हा मी जिन्यातच त्याला गाठलं. चाकू पुढे धरला. काही सांगावं लागलं नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला, आणि त्यावरून मला कळलं की याला माहीत आहे.

"कधीपासून?" मी विचारलं.

तो पायरीवर बसला आणि सांगायला लागला. त्यांच्या मंडळीत एक म्हातारे काका आहेत, जन्मभर करवतींना धार लावलेले, तिथला एकमेव कामाचा माणूस. त्या रविवारी टाळ्या पडल्यावर त्यांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हा एका अंगाचा चाकू होता, तू दुसरं अंग बिघडवलंस, परत सपाट करून दे.

"म्हणजे अण्णा कामाला जायच्या आधी?"

"मला वाटलं, एवढ्याने काय होतंय," दादा म्हणाला. "आणि अण्णा इतके खूश होते गं. जन्मात पहिल्यांदा मला चांगलं म्हणाले."

"आणि काड्या वाळल्या तेव्हा?"

"तेव्हा उशीर झाला होता."

मला त्याच्या अंगाला हात लावायचीही शिसारी आली. बाप खाली स्वतःचा हात चेपत बसलाय आणि हा वर त्या चाकूला चिठ्ठी लावतो. मी जे तोंडाला येईल ते बोलले. सिरक्याचं बोलले, हातमोज्यांचं बोलले, चाकूसाहेब म्हणजे काय तेही सांगितलं. तो ऐकत राहिला. शेवटी उठला आणि म्हणाला, "मी आत्ता जातो आणि अण्णांना सांगतो."

मी त्याची वाट अडवली.

"आत्ता नाही," मी म्हटलं. "टाळ्या सगळ्यांसमोर घेतल्यास ना? मग सांगायचंही सगळ्यांसमोर. रविवारी मंडळींना खाली घेऊन ये आणि त्यांच्यासमोर सांग."

"ताई, मंडळींसमोर नको. त्यांच्याशिवाय मला आहे कोण? आत्ता सांगू दे."

"रविवारी. नाहीतर मी तुझ्या ऑफिसात येऊन सांगते."

तो वर गेला. तो आठवडा मी फार मजेत काढला, हे कबूल करते. कापड बेतताना मनात चित्र रंगवायचे, दादा मान खाली घालून उभा आहे, ते पाचसहा जण चहाचे कप हातात तसेच धरून बसलेत.

गुरुवारी दुपारी रोपवाटिकेचे मालक आले. मी मशीनवर होते, मधलं दार उघडं होतं. ते म्हणाले की चारशे खुंट अजून शिल्लक आहेत, काड्या आठवडाभरच टिकतील, दुसरा माणूस बघितलाय पण मन मानत नाही. डोळा बरा झालाय तर एकदा हात फिरवून बघा.

अण्णांनी डाव्या हाताने उजवा हात दाबला. मग म्हणाले, "साहेब, झाडं मारायला मी येणार नाही. तुम्ही दुसऱ्याला ठेवा. कायमचा ठेवा."

माझा पाय मशीनवर थांबला. शब्द ओठांवर आले होते. तीन पावलांवर होते ते दोघे. मी म्हटलं, तीन दिवसांचा तर प्रश्न आहे, रविवारी कळेलच, सोमवारी मी स्वतः जाऊन मालकांना सांगेन. आणि पुन्हा पाय चालवायला लागले. मालक अण्णांच्या पाया पडून गेले.

रविवारी मंडळी खाली आली. माझ्या शिवणाच्या खोलीत बाकांवर दाटीवाटीने बसली. दादा मधे उभा राहिला आणि मी बेतलं होतं तसंच सगळं घडलं. त्याने चाकू अण्णांच्या हातात दिला आणि सांगितलं. अडखळत, पण सगळं सांगितलं. काकांनी बजावल्याचंही लपवलं नाही. कुणी कप खाली ठेवला नाही. पण मला वाटलं होतं तसं काही वाटेना, कारण मी दादाकडे बघतच नव्हते. मी अण्णांकडे बघत होते.

अण्णांनी पातं उजेडात धरलं. बरा झालेला डोळा बारीक करून आधी एक अंग बघितलं, मग दुसरं. नखाने ती पट्टी चाचपली. मग चाकू मांडीवर ठेवला आणि उजवा हात समोर धरला, बोटं मिटली, उघडली. ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होते.

"म्हणजे हात गेला नव्हता माझा," ते म्हणाले.

करवतवाले काका म्हणाले की दोन दिवस दगडावर बसलात तर अंग पुन्हा सपाट होईल. अण्णा लगेच उठले, चपला शोधायला लागले. मालकांना आत्ता गाठतो म्हणाले. तेव्हा वहिनी दारातून हळूच म्हणाली की नवा माणूस शुक्रवारीच आला, बायकामुलांसह, तिथल्या खोलीत राहायलाही लागला. तिला भाजीवालीने सांगितलं होतं.

अण्णा चपलेत एक पाय घालून तसेच उभे राहिले.

"आपणच सांगितलं त्यांना, कायमचा ठेवा म्हणून," ते स्वतःशी म्हणाले. मग दादाकडे वळले. आवाज चढवला नाही. "तू आज सांगतोयस. गुरुवारच्या आधी सांगता आलं नाही तुला? एवढी कशाची भीती वाटली?"

खोलीत मंडळी होती, काका होते, वहिनी होती. दादाने मान वर करून माझ्याकडे बघितलं. एकदाच. त्याला एक वाक्य बोलायचं होतं फक्त, मी सोमवारीच सांगत होतो, हिने अडवलं. मी मशीनच्या कडेला घट्ट धरून उभी होते.

"नाही सांगता आलं, अण्णा," तो म्हणाला. "घाबरलो."

अण्णांनी पाय चपलेतून काढून घेतला आणि ते आत गेले. तेव्हापासून ते दादाला घाबरट म्हणतात, पाहुण्यांसमोरही म्हणतात आणि दादा ऐकून घेतो. मी अजून तोंड उघडलेलं नाही.